उन्हाळी लागल्यावर लघवीची पट्टी काय सांगते

लघवीला जळजळ सुरू झाली की निपाणीपासून खानापूरपर्यंत क्रम ठरलेला: पहिल्या दिवशी धने-जिऱ्याचं पाणी, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून अल्कलायझर सिरप (लघवीची आम्लता कमी करणारं), अगदीच उतार नाही पडला तर लॅब. या उपायांनी आग थोडी शमते, पण तपासणीचा निकाल बिघडतो.

लॅबमध्ये लघवीत रसायनांचे छोटे चौकोन असलेली पट्टी बुडवून त्यांचा रंग बघतात. संसर्ग ओळखायला या पट्टीवरचे दोन चौकोन महत्त्वाचे. पहिला नायट्राइटचा. अन्नातून आलेलं नायट्रेट लघवीत असतंच, ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटियस हे जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि चौकोन गुलाबी होतो. मात्र त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास साठलेली लागते. तांब्याने पाणी पिऊन तासातासाला जाणाऱ्याची लघवी पातळ, शिवाय जंतूंना वेळ नाही, मग संसर्ग असूनही निगेटिव्ह. म्हणून सकाळची पहिली लघवी द्यावी. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तरी हा चौकोन फसतो. आणि एन्टेरोकोकससारखे जंतू मुळात नायट्राइट करतच नाहीत. थोडक्यात, पॉझिटिव्ह आलं तर बऱ्यापैकी भरवसा, निगेटिव्हवर नाही.

दुसरा चौकोन ल्युकोसाइट एस्टरेजचा, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा. पेशी फुटून गेल्या तरी तो सापडतो. पण अंगावरून पांढरं जात असेल आणि ते नमुन्यात मिसळलं, तर संसर्ग नसताना जांभळा रंग येतो. त्यासाठी आधी जागा पाण्याने धुवायची, सुरुवातीची धार सोडायची, मधली डबीत घ्यायची. लॅबच्या काउंटरवर नुसती डबी हातात देतात, हे कुणी नीट सांगत नाही.

सिरपचं म्हणाल तर त्याने पीएच वर जातो. लघवी फार अल्कधर्मी झाली की प्रोटीनचा चौकोन खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि पीएच आठच्या पुढे दिसला तर तो प्रोटियसमुळे की सिरपमुळे, हे कळत नाही. काय घेतलंय ते आधीच सांगावं.

पट्टी क्षणभर बुडवून कडेने निथळायची आणि आडवी धरायची, नाहीतर एका चौकोनाचं रसायन दुसऱ्यावर वाहतं. बहुतेक पट्ट्यांवर नायट्राइट 60 सेकंदांनी, ल्युकोसाइट 120 सेकंदांनी वाचतात. पट्ट्यांच्या डबीवर छापलेली वेळच खरी. उशिरा बदललेला रंग धरायचा नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमटपणाने पट्ट्या खराब होतात. नायट्राइटचा चौकोन न बुडवताच गुलाबी दिसला, तर ती डबी टाकून द्यावी.

नमुना दोन तासांच्या आत तपासला जावा. वाडीवरून एसटीने बेळगावला न्यायचा असेल तर बर्फाच्या डब्यात ठेवावा. उन्हात जंतू डबीतच वाढतात आणि तिथेच नायट्राइट तयार करतात.

कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, द्यायचं असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. गरोदर बाईला त्रास नसला तरी कल्चर करतात, आणि जंतू निघाले तर औषधही देतात. बाकीच्यांच्या बाबतीत, विशेषतः कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या वयस्करांत, तक्रार काहीच नसताना नुसता गुलाबी चौकोन पाहून गोळ्या सुरू करू नयेत. उलट थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखत असेल, तर पट्टी काहीही म्हणो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.