बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-निपाणीच्या काळजी केंद्रांत (पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रांत) मदतीला जाताय? आधी ब्लीचिंगचं पोतं उघडून बघा

कल्लोळ-येडूर बंधाऱ्यावरून गाडी जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राजापूर बंधाऱ्याचं कृष्णेचं पाणी आणि दूधगंगा तिथं एकत्र येतात, म्हणून घाटात पावसाचा जोर वाढला की तो लगेच पाण्याखाली जातो. 2019 ला यमगर्णीजवळ वेदगंगेनं महामार्गच बंद पाडला होता. सामान पाणी चढायच्या आधी पोचवा.

केंद्रांत सगळीकडे एकच उत्तर मिळालं, 'टाकीत क्लोरीन टाकलंय.' नळाच्या पाण्यात ओटीचा (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं द्रावण) थेंब टाकला तर पिवळेपणाचा मागमूस नाही! पोतं ओल्या खोलीत तोंड उघडं ठेवलेलं. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण 33 टक्के असतं, पण हवा आणि ओल लागली की ते उडून जातं. ढेकळं झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर सरळ परत पाठवा.

स्वच्छ पाण्याला 1000 लिटरमागे अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे पाच हजारांच्या टाकीला साडेबारा ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ टाकीत ओता. तासभर थांबून शेवटच्या नळाला ओटीनं तपासा, लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन मिळालंच पाहिजे. रंग दहा सेकंदांत वाचा. नंतर गडद होतो तो संयुक्त क्लोरीनचा (दुसऱ्या पदार्थांशी जोडलं गेलेलं, कमी प्रभावी क्लोरीन), त्यावरून 'झालं काम' म्हणणं घातक आहे. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग हॉरॉक्स चाचणीनं (त्या पाण्याला किती ब्लीचिंग लागेल ते सांगणारी चाचणी) मात्रा ठरवा.

खाजगी टँकरवाले पाच हजार लिटरचे पैसे घेऊन अर्धवट भरलेली खेप आणतात. रिकामा करण्याआधी झाकण उघडून काठी बुडवा, कुठल्या विहिरीचं पाणी ते विचारा. हे जमलं नाही तर टँकर घेऊच नका.

ओआरएसचं पाकीट ग्लासात कालवतात, ते एक लिटरलाच आहे हे प्रत्येक घराला दाखवावं लागतं. माणसं केंद्रात असली तरी जनावरांच्या वैरणीसाठी पाण्यातून गोठ्यात जातातच, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) तिथूनच येतो. अशांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला डॉक्सीसायक्लिनची 200 मिलिग्रॅम गोळी (गरोदर बायका आणि लहान मुलं सोडून).

कारदगा, भोज भागात बोलणं मराठीत, नोंदवही मात्र कन्नडात. दोन्ही लिहिता येणारा एक माणूस सोबत घ्या. जुलाबाचा रुग्ण कुठल्या खोलीतला, कुठल्या टाकीचं पाणी पितो, हे त्याच दिवशी वहीत आलं पाहिजे.