पौलाला भाकरी कोण थापत होतं?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंचा. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय निघाला की तो ठरलेला. सासरे वाचतात : रोमी सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोम सोडायचा हुकूम दिला म्हणून अक्विल्ला आणि त्याची बायको प्रिस्किल्ला ग्रीसमधल्या करिंथला आले; येशूची शिकवण सांगत फिरणाऱ्या पौलाचा आणि त्यांचा धंदा एकच, राहुट्या करण्याचा, म्हणून तो त्यांच्याच घरी राहून काम करू लागला. पौल करिंथात दीड वर्ष होता. त्यातले किती महिने या घरी काढले, ते शास्त्र सांगत नाही. सासूबाईंचा हिशोब मात्र पूर्ण दीड वर्षाचा असतो.

हा अध्याय समजायला सोलापूरकराला टीकाग्रंथ लागत नाही. पूर्व भागात कुठेही शिरा, पुढे यंत्रमाग आणि मागे संसार. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली माणसं, घरात तेलुगू, दारात मराठी. सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळणारी बाई मधूनच उठून वरणाला फोडणी देते. अशा घरात आणखी एक कारागीर राहायला आला, तर तो पाहुणा नसतो, कामाला एक हात वाढलेला असतो. आमच्या शेजारीही माग आहेत. वीज गेली तरच सासऱ्यांचं वाचन नीट ऐकू येतं.

त्या खटखटीमुळे असेल, पण शास्त्रात माग दिसला की आम्ही थांबतो. गल्याथ या धिप्पाड योद्ध्याच्या भाल्याचा दांडा विणकराच्या मागाच्या लाकडाएवढा होता. दुःखात बुडालेला ईयोब म्हणतो, माझे दिवस मागावरच्या धोट्यापेक्षा वेगाने चालले. पण खरं थांबायला लावतो तो योहानाच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायातला येशूचा अंगरखा. शिवण नसलेला, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला. येशूला क्रुसावर दिल्यावर शिपायांनी बाकीची वस्त्रं वाटून घेतली, हा मात्र फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या विणकर काकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कुणी विणला होता?" एवढी प्रवचनं ऐकली, हा प्रश्न कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

सासूबाईंना प्रिस्किल्ला आवडते, कारण बहुतेक ठिकाणी तिचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. सासरे म्हणतात, ती मोठ्या घराण्यातली असेल. सासूबाई म्हणतात, नाही, बोलायची तीच. त्या नवराबायकोच्या घरी विश्वासणाऱ्यांची मंडळी उपासनेला जमत असे, हे पौलाच्या पत्रांतच आहे. म्हणजे उपासनेआधी अर्धवट कापलेलं कापड बाजूला सारणं, झाडणं, आणि नंतर भांडी!

अपुल्लोस नावाच्या उपदेशकाचं प्रकरण तर माझ्या मते घराघरात वाचावं. वक्ता फर्डा, पण माहिती येशूआधी आलेल्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतीच. अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाने यहूद्यांच्या सभास्थानात उठून त्याला दुरुस्त केलं नाही. आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. (आमच्याकडे जेवताना एकमेकांना दुरुस्त करायची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.)

मागच्या रविवारी एका तरुण उपदेशकाने व्यासपीठावरून ठासून सांगितलं, की पौलाने सेवेसाठी कामधंदा सोडून दिला होता. सासरे बाकावर चुळबुळले. सासूबाईंनी त्यांचा हात दाबला, आणि उपासना संपल्यावर त्या मुलाला गाठून म्हणाल्या, "सलाम, बाळा. जेवायला ये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. आणि शास्त्र घेऊन ये बरोबर."