सांगायचे राहून गेलेले इंजेक्शन

लिम्फोमासाठी (लसीका ग्रंथींच्या कर्करोगासाठी) चार केमो झाल्यावर पेट-सीटी हा आजार कुठे उरला आहे ते दाखवणारा स्कॅन करायचे ठरले. यंत्राची तारीख लवकर मिळाली, म्हणून खूश होऊन मी चौथ्या केमोनंतर तेराव्या दिवशीच भर पावसात साखळीहून निघालो. आदल्या दिवसापासून पेज, पाव आणि गोड वर्ज्य होते. बोटातून रक्त घेऊन पाहिलेली साखर १४२ भरली, म्हणजे २००च्या आत होती. तपासणीचे इंजेक्शन झाले आणि पुढचा तासभर पांघरूण घेऊन न बोलता पडून राहिलो.

अहवालात ‘हाडांच्या मज्जेत सर्वत्र व प्लीहेत वाढलेले शोषण’ असे आले. ‘हाडांच्या’ या शब्दापाशीच पत्नीने कागद खाली ठेवला. दोन रात्री घरात कोणी नीट झोपले नाही.

डॉक्टरांनी चित्रे पाहून पहिला प्रश्न विचारला, “पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन केव्हा घेतलेत?” प्रत्येक केमोच्या दुसऱ्या दिवशी मी ते पोटावर घेत होतो. त्यांनी समजावले की या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शरीरात सोडतात, आणि ती जिथे जास्त खाल्ली जाते ती जागा उजळ दिसते. कर्करोगाच्या पेशी साखर खातात, तशीच त्या इंजेक्शनने कामाला जुंपलेली मज्जाही खाते. मात्र तेव्हा सगळे मणके सारखेच उजळतात, आजाराचे ठिपके सहसा सुटेसुटे असतात. दीर्घ परिणामाच्या इंजेक्शनाचा असा प्रभाव काही आठवडे टिकतो. आतड्यातली चमक मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची होती. फॉर्मवर ‘सध्याची औषधे’ या रकान्यात मी फक्त ‘केमो चालू’ एवढेच लिहिले होते. नऊ वर्षे रोज घेतलेली ती गोळी मला औषध वाटेनाशी झाली होती!

मुख्य गोष्ट अशी की मानेतली मूळ गाठ आता यकृतापेक्षा फिकी दिसत होती. गाठीची चमक जोखणाऱ्या डोव्हिल पट्टीच्या पाच पायऱ्यांत यकृताशी होणारी ही तुलनाच महत्त्वाची असते. रेडिएशन घ्यावे लागले असते, तर त्या जागेची सूज ओसरेपर्यंत सुमारे तीन महिने थांबलो असतो, असेही ते म्हणाले.

शेवटच्या केमोनंतरचा स्कॅन आम्ही सात आठवड्यांनी केला. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेटफॉर्मिन दोन दिवस आधी बंद ठेवली होती. या वेळी वहीचे पान फाडून नेले होते: केमोच्या तारखा, इंजेक्शनांच्या तारखा, गोळ्या. तंत्रज्ञाने ते वाचले, शेवटच्या इंजेक्शनाच्या तारखेखाली रेघ ओढली आणि पान फॉर्मला स्टेपल केले.