नौपाड्यातलं खेळघर: जाण्याआधी काय ठरवावं, आत गेल्यावर कुठे बसावं

नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात सध्या शनिवार-रविवार जुन्या खेळांचं दालन भरतंय. काचेआड आहे तो फक्त गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, एक जोड. बाकीचं सगळं, म्हणजे पट, कवड्या, सोंगट्या, भोवरे, सागरगोटे, भातुकली, हातात घेऊन खेळायचं. प्रवेश मोफत, पण दारावर नाव लिहून वेळेची चिठ्ठी घ्यावी लागते. एका तुकडीला दीड तास मिळतो.

हा दीड तास कसा वापरायचा हे घरून ठरवून निघा. बरेच जण वीसेक टेबलांना एकेक हात लावून बाहेर पडतात आणि त्यांच्या पदरात काही पडत नाही. भोवरा उचलून खाली ठेवला, कवड्या दोनदा टाकल्या, फोटो काढला की झालं. पटावरचा खेळ निम्मा डाव झाल्यावर कळायला लागतो. म्हणून एक पटाचा, एक हाताचा असे दोनच खेळ निवडा आणि त्यांचा डाव संपवा. सोबत लहान मूल असेल तर तिसरा त्याच्या आवडीचा.

पोचायचं कसं ते आधी. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून गोखले रोडने रमत-गमत चाललं तरी पंधरा मिनिटं लागतात. नवी मुंबईहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांची गाडी पूर्वेकडच्या फलाटाला लागते, तेव्हा पूल ओलांडून पश्चिमेला या. घोडबंदरकडच्यांनी गाडी आणायचा मोह टाळावा. राम मारुती रोड आणि गोखले रोडला शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात चिठ्ठीवरची वीस मिनिटं जातात, आणि उशिरा पोचलात तरी तुकडी ठरल्या वेळेलाच संपते. सकाळची पहिली तुकडी सगळ्यांत मोकळी. तेव्हा समजावून सांगणारे स्वयंसेवकही ताजेतवाने असतात.

चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं असतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी उंच टेबलं दोनच आहेत, आणि ती आत गेल्या गेल्या मागितली तर मिळतात. आजी-आजोबांना नक्की घेऊन जा. नियमांचे फलक लांबलचक आहेत, ते वाचत बसण्यापेक्षा ज्यांनी लहानपणी खेळलंय त्यांच्याकडून पाच मिनिटांत कळतं. फक्त दोन घरचे आजोबा एका पटावर बसवले की नियमांवरून हमखास वाद होतो. पहिलं दान टाकण्याआधी कुणाच्या घरचा नियम चालवायचा ते ठरवून घ्या.

पटाच्या खेळात आमची पहिली शिफारस अष्टचंग. कुणी याला चल्लस-आठ म्हणतं. पट पाच गुणिले पाचचा, घरं 25. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरावर फुली, ते त्या भिडूचं घर. मधोमध आणखी एक फुली, तिथे सोंगट्या पोचवायच्या. चार भिडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि चार कवड्या. जितक्या कवड्यांचं तोंड वर तितकं दान, चारही वर पडल्या तर 4, चारही पालथ्या पडल्या तर 8. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही.

नवखे चुकतात ते वाटेवर. बाहेरच्या 16 घरांतून सोंगटी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. आपल्या घराच्या अलीकडच्या घरापर्यंत आली की आत वळते आणि आतल्या आठ घरांतून घड्याळाच्या दिशेने जाते. दिशा बदलते हे विसरलं की दोन भिडू आतल्या वाटेवर समोरासमोर येतात आणि पटाचा गोंधळ होतो. मोजून बघा: बाहेर 15 पावलं, आत आठ, शेवटचं मध्यात, एकूण 24. इतकं पाठ असलं की स्वयंसेवकाला विचारावं लागत नाही. आत वळण्याआधी निदान एक सोंगटी मारलेली असली पाहिजे असा नियम पुष्कळ घरांत आहे, आणि तो ठेवाच. तो काढला की सगळे फुल्यांवर दबा धरून बसतात, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही.

चार भिडूंचा चार सोंगट्यांचा डाव तासभर चालतो आणि तुकडी संपते तेव्हा दुसरा खेळ अर्धवट राहतो. म्हणून दोन-दोन सोंगट्यांवर खेळा, अर्ध्या तासात उरकतो.

कवड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे एक दोष आहे. कवडीची दोन्ही अंगं सारख्या शक्यतेने पडतात असं धरलं, तर चार कवड्यांच्या सोळा शक्यतांपैकी 1 चार वेळा, 2 सहा वेळा, 3 चार वेळा, आणि 4 व 8 एकेकदाच येतात. खेळाची सगळी लज्जत याच हिशेबावर आहे: 8 क्वचित पडतं, म्हणून पडलं की आरोळी उठते. दालनातल्या एका पटावर शोभेच्या मोठ्या, फुगीर पाठीच्या कवड्या ठेवल्यात. त्या बहुतेक वेळा एकाच अंगावर बसतात आणि तेच तेच दान येत राहतं. शेजारच्या पटावर लहान, चपट्या कवड्या आहेत, त्या मागून घ्या. दुसरं, गुळगुळीत टेबलावर कवडी घसरते, लोळत नाही. सतरंजीवर किंवा रुमालावर टाका, आणि मुठीतून सोडू नका. दोन्ही तळहातांच्या पोकळीत खुळखुळवून वीतभर उंचीवरून टाका.

ज्यांना दानाच्या नशिबापेक्षा डोकं लढवायला आवडतं त्यांच्यासाठी नवकंकरी. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या चार रेषा, एकूण 24 ठिकाणं, दोघांकडे नऊ-नऊ कंकर. आळीपाळीने कंकर मांडायचे, सगळे मांडून झाले की रेषेवरून शेजारच्या मोकळ्या ठिकाणी सरकवायचे. तीन ओळीत आले की समोरच्याचा एक काढायचा. ज्याच्याकडे दोनच उरले तो हरला. नवखे मांडतानाच तिघांच्या मागे धावतात आणि कोपऱ्यांत अडकतात. कोपऱ्यातून सरकायला दोनच वाटा असतात, मधल्या चौकोनाच्या मध्यबिंदूवर चार. आधी ती चार ठिकाणं बळकावा. दालनात एक पट असा आहे की त्याच्या कोपऱ्यांनाही तिरप्या रेषांनी जोडलंय. तो बारा-बारा कंकरांच्या खेळाचा पट आहे, पण पेटीत नऊच ठेवलेत. तशा पटावर नऊ घेऊन बसलं तर तिरप्या ओळींमुळे फारच लवकर निकाल लागतो. सहा कंकर दुसऱ्या पेटीतून उसने घ्या किंवा साधा पट मागा.

गंजिफाजवळ थांबा. काचेतला जोड सावंतवाडीच्या धाटणीचा दशावतारी आहे: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. राजा, प्रधान आणि एक ते दहा. पानं गोल असतात, आणि ती हातात घेतल्याशिवाय त्यातली अडचण लक्षात येत नाही. आपल्या चौकोनी पत्त्यांना कोपऱ्यात आकडा असतो, म्हणून जरासे पसरले तरी वाचता येतात. गोल पानावर कोपराच नाही. कूर्माची कासवं किती, मत्स्याचे मासे किती, हे पूर्ण पान बघून मोजावं लागतं. तिघांत 120 पानं वाटली की प्रत्येकाकडे 40 येतात, आणि ती एका हातात मावतच नाहीत. म्हणून आधी रंग, म्हणजे अवतार, वेगळे करायचे, मांडीजवळ रंगवार थप्प्या लावायच्या आणि चालू रंग तेवढा हातात धरायचा.

खेळायला छापील जोड दिलाय. त्यावर घामट हात चालतील, काचेतल्या रंगवलेल्या, रोगण दिलेल्या पानांवर चालले नसते. अख्खे दहा अवतार घेऊन बसू नका. सगळ्या अवतारांत राजा आणि प्रधान वरचढ असतात, पण त्याखालचा क्रम निम्म्या अवतारांत दहाकडून एकाकडे उतरतो आणि निम्म्यांत उलटा, म्हणजे एक्का दहाच्या वर. इथेच सगळे अडखळतात. सुलट क्रमाचे दोन अवतार आणि उलट क्रमाचे दोन निवडा, 48 पानं होतात, तिघांना सोळा-सोळा. तासाभरात उलटा क्रम अंगवळणी पडतो. हुकूम नसतो, त्यामुळे कुठल्या रंगाची किती पानं गेली हे लक्षात ठेवणाराच जिंकतो. दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा त्याने. इतकी सुंदर रीत दुसऱ्या कुठल्या पत्त्यांत असेल असं वाटत नाही.

आता हाताचे खेळ. भोवऱ्याच्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त हिरमुसले चेहरे दिसतात, आणि दोष बहुधा दोरीचा असतो. नायलॉनची दोरी लाकडावरून घसरते, सुती घ्या. दोरीचं टोक आरीपाशी, म्हणजे भोवऱ्याच्या खालच्या खिळ्यापाशी, अंगठ्याने दाबून धरा, पहिले दोन वेढे आरीलगत घट्ट, मग खाचांमधून वर चढत जा. वेढ्यावर वेढा चढला की सोडताना दोरी अडकते आणि भोवरा आडवा पडतो. दुसऱ्या टोकाची गाठ मधल्या बोटाजवळ अडकवा. भोवरा जमिनीवर आपटायचा नसतो. हात पुढे झोकून शेवटच्या क्षणी मनगट मागे खेचायचं, दोरी उलगडत फिरकी देते. फरशीवर टाकू नका, आर घसरते आणि फरशी टवकते. त्यासाठी लाकडी फळी ठेवलीय, तिच्याभोवती दोन हात मोकळी जागा ठेवून बघ्यांनी उभं राहावं. आर चांगली टोकदार असते.

सागरगोट्यांना पाच दाणे लागतात. एक वर उडवायचा, तो झेलेपर्यंत खालचे आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही उचलायचे. दाणे फार पसरून टाकले तर दोन-दोनच्या फेरीला हात पोचत नाही. विटी-दांडू आत खेळता येत नाही म्हणून फक्त मोजणी शिकवतात: वकट, लेंड, मुंड, नाल. तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या आकड्यांशी ते ताडून बघायला सांगा, मुलं हरखून जातात.

तीन वर्षांखालचं मूल सोबत असेल तर कवड्या, कंकर आणि सागरगोटे त्याच्या हाताला लागू देऊ नका, हे सगळं तोंडात मावतं. त्याला भातुकलीकडे न्या, पण तिथेही पितळी पळ्या आणि झाकण्या इतक्या लहान आहेत की समोर बसून राहावं लागतं. सहा-सात वर्षांच्यांना मोठ्यांच्या डावात लिंबूटिंबू म्हणून घ्या, दान त्यांना टाकू द्या. कवड्या आपल्या हातात आल्या की मूल तासभर जागचं हलत नाही.

आणि शेवटच्या खिडकीखाली नुसते रिकामे पुठ्ठ्याचे खोके ठेवलेत, ती जागा चुकवू नका. अमेरिकेत रॉचेस्टर इथे खेळ आणि खेळणी या विषयाला वाहिलेलं द स्ट्राँग नावाचं मोठं संग्रहालय आहे. तिथल्या मानाच्या खेळण्यांच्या यादीत 2005 मध्ये पुठ्ठ्याचा खोका आणि 2008 मध्ये चक्क काठी घेतली गेली. नौपाड्यातल्या खोक्यांची दर अर्ध्या तासाला बस, घर नाहीतर किराणा दुकान होतं. इथे मुलांना काहीही समजावून सांगू नका.

बाहेर पडल्यावर भूक लागतेच. मामलेदार मिसळ स्टेशनकडे परतताना वाटेवर पडते, पण तिखट सोसत असेल तरच. मुलांना घेऊन भर दुपारी गेलात तर रांगेची तयारी ठेवा.

घरी अष्टचंग सुरू करायला विकतचा पट लागत नाही. फरशीवर खडूने 25 घरं, सोंगट्यांना चार रंगांची बटणं, आणि कवड्यांऐवजी चिंचोके. चिंचोक्याचं एक अंग खडबडीत दगडावर घासून पांढरं करायचं, पांढरं वर म्हणजे तोंड वर. चार लागतात, पण सात-आठ घासून ठेवा आणि प्रत्येक वीस वेळा टाकून बघा. जो पंधराहून जास्त वेळा एकाच अंगावर पडेल तो बाजूला काढा.