पतसंस्थेचा सर्व्हर : आधी सॉफ्टवेअरची यादी, मग ओएस

बेळगावात मुख्य कचेरी आणि निपाणी, संकेश्वर, खानापूरला शाखा अशी पतसंस्था नवा सर्व्हर घ्यायला निघाली की पहिला वाद ऑपरेटिंग सिस्टीमचा (ओएस), म्हणजे ‘विंडोज की लिनक्स’ हाच होतो. त्याआधी काय काय चालवायचंय ते कागदावर लिहून काढा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, ठेव-कर्जाचं जुनं सॉफ्टवेअरही बहुधा विंडोजचंच असतं. डेटाबेस आणि फाइल शेअरला मात्र डेबियन हे लिनक्स पुरतं, परवान्याचा खर्चही नाही. म्हणजे दोन्ही लागणार, आणि एकाच मशीनवर दोन्ही चालवायचं तर व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणं) आलंच.

जुना सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चे ऑक्टोबर २०२३ मध्येच थांबले, ‘विंडोज सर्व्हर २०१६’ चे जानेवारी २०२७ पर्यंतच. लोकांच्या ठेवींचा हिशेब अशा मशीनवर ठेवू नका.

परवान्याचं गणित कोटेशन हातात पडण्याआधी मांडा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला कमीत कमी १६ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं एकेक काम करणारं युनिट) परवाना घ्यावाच लागतो आणि त्यात दोनच विंडोज व्हीएम बसतात. तिसरी हवी तर सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा घ्यायचा. म्हणून १६ कोअरचा एकच प्रोसेसर घ्या. २४ कोअरचा घेतलात तर आठ कोअरचे जादा पैसे फुकट जातात. कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकाचा परवाना) वेगळं, आणि शाखा रिमोट डेस्कटॉपवर बसवल्यात, म्हणजे त्या दुरून सर्व्हरवरच काम करणार असतील, तर त्याचं आरडीएस कॅल आणखी वेगळं. कोटेशनमध्ये हे गाळलेलं असतं, म्हणून विचारून घ्या.

व्हीएम चालवायला व्हीएमवेअर हे सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण २०२३ च्या शेवटी ते ब्रॉडकॉम कंपनीकडे गेल्यावर कायमचा परवाना बंद झाला, आता वर्गणी भरावी लागते. एका-दोन सर्व्हरच्या संस्थेला मी त्याच कामाचं प्रॉक्समॉक्स सुचवेन. आत डेबियन आणि केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) आहे, लिनक्स येणारा माणूस ते सांभाळू शकतो. आणि तो माणूस कुठून येणार हेही आधी ठरवा. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे.

मेमरी ६४ जीबी धरली तर विंडोजला २४, डेटाबेसला १६, फाइल शेअरला ४ द्या आणि उरलेली प्रॉक्समॉक्सला मोकळी ठेवा. झेडएफएस (प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टीम) मेमरी खातं. प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलमध्ये त्याच्या कॅशला (हाताशी ठेवलेल्या डेटाला) मेमरीच्या दहा टक्क्यांची मर्यादा असते. त्याआधीचं इन्स्टॉल अपग्रेड करत आणलेलं असेल तर निम्म्यापर्यंत जातं आणि विंडोज रखडायला लागतं. डिस्क म्हणजे एंटरप्राइझ (सर्व्हरसाठीच्या) एसएसडीची जोडी, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर त्यात असतात, घरगुती एसएसडीत सहसा नसतात. झेडएफएस वापरायचं तर मध्ये रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्कची जोडी स्वतः सांभाळणारं कार्ड, नको; झेडएफएसला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत.

व्हीएमला व्हर्टआयओ प्रकारची वेगवान आभासी डिस्क दिली की विंडोज बसवताना इन्स्टॉलरला ती दिसतच नाही, कारण तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो. मग बरेच जण आयडीई हा जुना, हळू प्रकार निवडून मोकळे होतात आणि सर्व्हर पुढची पाच वर्षं हळू चालतो. व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची आयएसओ फाइल व्हीएमच्या दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तिथून ड्रायव्हर घ्या, आणि नंतर गेस्ट एजंटही बसवा; प्रॉक्समॉक्सचा ‘बंद हो’ हा निरोप विंडोजपर्यंत तो पोचवतो.

एजंटचं काम पावसाळ्यात कळतं. खानापूरच्या बाजूला पाऊस लागला की लाईट किती वेळ जाईल सांगता येत नाही. यूपीएस यूएसबीने जोडून नट (NUT, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी सगळं शिस्तीत बंद होईल. प्रॉक्समॉक्स एक व्हीएम बंद होण्याची साधारण १८० सेकंद वाट पाहतं, मग ती तोडतं. विंडोज नेमकं तेव्हाच अपडेट बसवत असेल तर ते अर्धवट तुटतं. म्हणून विंडोजसाठी ही वाट पाहण्याची वेळ वाढवा आणि बंद करण्याचा इशारा बॅटरी निम्मी असतानाच द्या. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं करा. व्हीएम सुरू करण्याचा क्रम डेटाबेस आधी, मिनिटभराने विंडोज.

दोन मशीन जोडून प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर (एकत्रित गट) करू नका; असा गट चालायला त्यातल्या बहुसंख्य मशीन चालू असाव्या लागतात. एक पडलं की दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही आणि तिथे व्हीएम सुरूच होत नाहीत. दुसऱ्या, स्वस्तातल्या मशीनवर स्वतंत्र प्रॉक्समॉक्स आणि त्याचा बॅकअप सर्व्हर टाका, आणि ते दुसऱ्या इमारतीत ठेवा. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप समजू नका. महिन्यातून एकदा विंडोजची व्हीएम बॅकअपवरून त्या दुसऱ्या मशीनवर परत उभी करा. आधी तिचं नेटवर्क तोडा, नाहीतर चालू व्हीएमशी तिचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) भिडतो. टॅली उघडून आदल्या दिवसाची शिल्लक छापील कीर्दीशी ताडून पाहा.