खडा, भुकटी आणि सराफाचा तराजू

खडा चुंबकाला चिकटत नव्हता. दर शंभर अणूंत लोखंडाचे ६०, ॲल्युमिनियमचे ४०, असा तो मिश्रधातू. वितळवून भट्टीत सावकाश निववलेला. तोच बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्या भरलेल्या फिरत्या जारमध्ये, पाच तास दळला, तर भुकटी कागदावरून उडून चुंबकावर जाऊन बसली.

सहामाही आढाव्याला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन मिनिटांत निकाल दिला. जार पोलादी, गोळ्या पोलादी. त्या झिजल्या, लोखंड मिसळलं, नमुना टाकून द्या. शंका रास्त होती. पण किती झिजल्या, हे त्यांनी विचारलंच नाही, ते मला फार लागलं.

कारण मी गोळ्या तोलते. दर दळणाच्या आधी आणि नंतर, धुऊन, वाळवून, पन्नासच्या पन्नास. परभणीतल्या आमच्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रं नाहीत, एक्सआरडी (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी पाहणं) आणि चुंबकत्वाच्या मोजणीसाठी नमुने बाहेरगावी पाठवावे लागतात. पण तराजू चांगला आहे. दळण म्हणजे पंधरा मिनिटं फिरवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर जार तापतो. मध्येच लाईट गेली की प्रयोगशाळेतले मामा वहीत वेळ लिहून ठेवतात. गरम जार उघडायचा नाही. इतकी बारीक भुकटी गरम असताना हवा लागली, तर पेट घेऊ शकते.

त्या दिवशी मोजणीचा आकडा आला: दर ग्रॅमला साठ ईएमयूच्या (चुंबकत्वाचं एकक) वर. मी हिशेब मांडला. शुद्ध लोखंडाचं संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त, चुंबकत्व दर ग्रॅमला २१८. वीस ग्रॅम भुकटीत नुसत्या झिजलेल्या लोखंडानं साठ गाठायचे, तर साडेसात ग्रॅम लोखंड मिसळायला हवं. गोळ्यांची घट होती ०.१८ ग्रॅम. त्यातून फार तर दोन ईएमयू निघतात.

म्हणजे चुंबकत्व दळणानंच आलं. न दळलेल्या मिश्रधातूत अणू शिस्तीत बसलेले असतात. लोखंडाच्या अणूभोवतीच्या आठ शेजाऱ्यांत बहुतेक ॲल्युमिनियम. दळताना ही बैठक मोडते, लोखंडाला लोखंडाचे शेजारी मिळतात आणि चुंबकत्व जागं होतं. एक्सआरडीच्या आलेखात ३१ अंशांच्या कोनाजवळची शिस्तीची छोटी रेघ नाहीशी व्हायला हवी, तशी झालीही होती. पण यंत्रात क्ष-किरणांची ट्यूब तांब्याची. तिच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकतं आणि आलेखाचा तळ वर उचलला जातो. तिथे अशक्त रेघ नाही म्हणजे नाहीच, हे छातीठोक सांगता येत नाही.

तापवलं की अणू पुन्हा शिस्तीत बसतात आणि दळणानं आलेलं चुंबकत्व जायला हवं. मग निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून भुकटी ६०० अंशांवर तापवली. नळी फोडली, चुंबक जवळ नेला. भुकटी जागची हलली नाही. मामांनी चुंबक हातात घेऊन स्वतः दोनदा फिरवून पाहिला. सर म्हणाले, "झालं, हेच उत्तर त्यांना पाठवा."

मी पाठवलं नाही. इतक्या बारीक भुकटीत तापवताना झिजलेलं लोखंडही मिश्रधातूत विरघळू शकतं, आणि मग तेही चुंबकाला दिसणार नाही. भट्टीची साक्ष एवढ्यानं अपुरी पडते. खरी साक्ष तराजूची. आणि तराजूत एक भोक राहिलं होतं: जार. भुकटी तोलून भागत नाही, ती भिंतीला चिकटून राहते. जार मात्र तीन किलोच्या वरचा, आमच्या तराजूला पेलणारा नाही. गोळ्या ०.१८ ग्रॅम झिजल्या असताना भिंत सात ग्रॅम झिजेल असं मला मुळीच वाटत नाही. पण मोजलं नाही ते लिहू कशी?

नमुना संशयावरून फेकायला सांगणाऱ्यांचा जेवढा राग आला, तेवढाच न मोजता लिहिणाऱ्यांचाही येतो. आमच्या क्षेत्रात हे दुसरे जास्त आहेत.

काल जार धुऊन, वाळवून पिशवीत घातला आणि सराफाकडे नेला. चांदी तोलायच्या त्यांच्या काट्यावर ग्रॅमचा दहावा भाग दिसतो. "यात काय दळता, ताई?" त्यांनी विचारलं. मी खडा दाखवला. त्यांनी जार तीन वेळा तोलला, तिन्ही वेळा आकडा तोच आला. मी तो वहीत लिहून घेतला. उद्या त्याच खड्याचा दुसरा तुकडा त्याच जारमध्ये पाच तास दळणार आहे.