पाद्र्याचं थडगं कशाला बघायचं?

कोलकात्यात आमच्याकडे येणारी माहेरची माणसं दक्षिणेश्वर, बेलूर मठ उरकलं की विचारतातच, "श्रीरामपूरला कबरस्तानात कशाला नेतेस गं? पाद्र्याचं थडगं आपण कशाला बघायचं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

त्या पाद्र्याने मराठी छापली, म्हणून.

विल्यम केरी धर्मप्रसारासाठीच आला होता, ते मी लपवत नाही. पण १८०५ साली त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचं व्याकरण बाहेर पडलं. व्यवहारात तेव्हा मोडी लिपी चालायची. मोडीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, नव्हते, म्हणून मराठी शब्द बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत छापले. पाच वर्षांनी मराठी कोश निघाला तेव्हा मोडीचे खिळेही तयार झाले होते. मार्च १८१२च्या आगीत छापखाना जळाला, शिसं वितळून गोळे झाले. राखेत खिळे घडवायचे ठसे शाबूत सापडले आणि खिळे पुन्हा ओतायला लगेच सुरुवात झाली. हे सांगताना दर वेळी माझा गळा दाटतो.

हावड्याहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूर, पुढे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. केरी ९ जून १८३४ला गेला. थडग्यावर काय लिहायचं हे त्याने मृत्युपत्रातच सांगून ठेवलं होतं. नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एका इंग्रजी भजनातल्या दोन ओळी : मी दीन, असहाय किडा, तुझ्या कृपाळू हातांत पडतो. व्याकरण नाही, कोश नाही, छापखानाही नाही. त्या अक्षरांवरून बोट फिरवलं की मला आपले अभंग आठवतात. देवापुढे इतकं लहान होणं आपल्याला काही नवीन नाही.

खुपतं ते वेगळंच. खिळे घडवायची विद्या त्रिवेणीच्या पंचानन कर्मकाराची. त्याच्यामागे ती जावई मनोहरने चालवली. लोहाराच्या जातीची माणसं ही. आणि केरीला मराठी शिकवली कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांनी. ग्रंथाच्या प्रस्तावनेत केरीने त्यांचं ऋण मान्य केलंय. पण पंडितांसाठी कुठे दगड उभा असल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

म्हणून पाहुण्यांना केरीच्या थडग्यापाशी उभं करते आणि आधी वैजनाथ पंडितांचं नाव घेते. ते घ्यायला बंगालमध्ये दुसरी जागा मला तरी सापडलेली नाही.